घंटा कुणाच्या हातात

पूजेला बसलं की मुख्य देवाच्या आधी घंटेला गंध लागतं. कलश, शंख, घंटा, दीप अशी उपकरणांची पूजा आटोपायची आणि मगच देवाकडे वळायचं, ही आपल्याकडची रीत. घंटेला गंध, अक्षता, फूल वाहायचं, ती वाजवायची आणि श्लोक म्हणायचा. देवांनी यावं आणि राक्षसांनी निघून जावं म्हणून हा नाद करतो आहे, असा त्याचा आशय. माझ्या सासूबाईंच्या तोंडी तो रोज असे. डाव्या हातात घंटा, उजव्या हातात निरांजन. आरती संपली की घंटा तिच्या कोनाड्यात. नातवंडांनी खेळायला घेतली तर त्या ओरडत नसत, पण हातातून काढून घेत.

त्या श्लोकात एकाच दमात बोलावणंही आहे आणि हाकलणंही. सासूबाईंचं त्यात काही अडलं नाही. देवघरात राक्षस कोण, असा प्रश्न कुणाला पडत नाही. माणसांच्या बैठकीत मात्र तो पडतो.

मी सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक होते. निवृत्तीनंतर नाशकात एक गट चालवते. मानसिक आजार असलेल्या माणसाला आमच्या क्षेत्रात शुभार्थी म्हणतात आणि त्याची काळजी घेणाऱ्या घरच्या माणसाला शुभंकर. आमचा गट शुभंकरांचा. रविवारी एका वाचनालयाच्या मागच्या खोलीत खुर्च्या गोल मांडायच्या आणि एकेकानं बोलायचं. आठवडाभर घरात कुणाशी बोलता न आलेली माणसं एकदा बोलायला लागली की थांबत नाहीत, आणि त्यांनी थांबावं असं म्हणवतही नाही. पण एकट्यानं पाऊण तास घेतला तर शेजारची बाई, जी दोन बस बदलून आली आहे, ती न बोलताच परत जाते. ‘आता थांबा’ हे कुणीतरी म्हणायला हवं. ते माझ्या तोंडून फार टोचतं असं लोकांचं म्हणणं पडलं, आणि त्यातूनच घंटेची सूचना आली. ‘बाई, तुमच्या घरी असेलच की देवातली, तीच आणा.’

यावर गटात जी चर्चा झाली ती आजारावरच्या कुठल्याही चर्चेपेक्षा लांबली. एक निवृत्त पोस्टमास्तर काका म्हणाले, देवाची वस्तू सभेत आणू नये, तिचं काम ठरलेलं आहे. दुसऱ्या एक बाई म्हणाल्या, घंटा ती घंटा, धातूला काय कळतं? तिसऱ्यांचं मत होतं की देवातली घंटा वाजली की वातावरण आपोआप शांत होतं, म्हणजे उलट चांगलंच. एक तरुण मुलगा काहीच बोलला नाही. त्याचा भाऊ आजारी आहे, कुटुंब बौद्ध आहे. खुर्च्या आवरताना तो माझ्याजवळ येऊन म्हणाला, ‘मावशी, ती घंटा वाजली की मला आरती सुरू झाल्यासारखं वाटेल. आणि आरती सुरू झाली की मी उठून बाहेर जातो.’

नाशकात हे वाक्य हलकं घेता येत नाही. काळाराम मंदिराच्या प्रवेशासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली २ मार्च १९३० रोजी इथंच सत्याग्रह सुरू झाला. मंदिराचे दरवाजे बंद करून घेण्यात आले आणि माणसं दरवाजांशी बसून राहिली. दादासाहेब गायकवाडांनी तो लढा नेटानं चालवला. पाच वर्षांनी, १३ ऑक्टोबर १९३५ ला, याच जिल्ह्यातल्या येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नसल्याची घोषणा केली, आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धम्मदीक्षा झाली. आत घंटा वाजत होती आणि बाहेर ती ऐकणारी माणसं उभी होती. ऐकायला कुणाची मनाई नव्हती, नादाला दाराची आडकाठी नसते. मनाई होती ती वाजवायला. त्या मुलाच्या आजोबा-पणजोबांना देवळातली घंटा चांगली ठाऊक होती, पण तिच्यापर्यंत त्यांचा हात पोचू दिलेला नव्हता.

‘धातूला काय कळतं’ हे खरंच आहे. पण घंटेच्या बाबतीत प्रश्न धातूला काय कळतं हा नसतो, वाजवणारा कोण आणि थांबणारा कोण, हा असतो. गटात मी घंटा वाजवते तेव्हा समोरच्याच्या बोलण्यावर हात ठेवत असते. ती देवघरातली असेल तर माझ्या हातावर आणखी एक हात येतो, देवाचा. मग ज्याला थांबायचं नाही त्याला माझ्याशी भांडण्याची सोय उरत नाही, कारण माझ्याशी भांडणं म्हणजे पूजेत विघ्न आणल्यासारखं दिसतं. ‘वातावरण आपोआप शांत होतं’ असं त्या गृहस्थांना वाटलं ते याचमुळे. त्यातलं ‘आपोआप’ मला खुपतं. काही माणसं शांत होतात, काही नुसती गप्प बसतात, आणि रुग्णालयात इतकी वर्षं काढल्यावर या दोन्हींतला फरक मला चेहऱ्यावर दिसतो.

पोस्टमास्तर काकांचं म्हणणं मला म्हणूनच पटलं, त्यांच्या कारणासाठी नसलं तरी. एखादी वस्तू एका कामासाठी वेगळी काढून ठेवणं, तिला दुसऱ्या कामाला न लावणं, हा पावित्र्याचा सगळ्यात जुना आणि सगळ्यात साधा प्रकार आहे. सोवळ्याचा गडू वेगळा, नैवेद्याचं पान वेगळं. त्याचा अतिरेक झाला की ते छळाचं साधन होतं, हे वर आलंच. पण मुळात त्यात एक शहाणपण आहे. जिच्यापुढे आपण वाकतो ती वस्तू आपल्या सोयीला जुंपायची नाही. सासूबाईंची घंटा कोनाड्यातच राहिली.

मग पुण्याहून एक मुलगी आली. समुपदेशनाचं प्रशिक्षण घेतलेली, हुशार, मनानं चांगली. तिनं पर्समधून तिंगशा काढल्या. चामड्याच्या पट्टीनं जोडलेल्या दोन छोट्या, जाड झांजा, कडेला कड लावून वाजवायच्या. आवाज लख्ख, बराच वेळ टिकणारा. म्हणाली, ‘हे न्यूट्रल आहे, कुणाच्याच धर्माचं नाही.’ ते ऐकून आमचा बौद्ध मुलगा हसला. तिंगशा तिबेटी बौद्ध विधींतल्या आहेत, आणि परंपरेनं त्यांचं एक मुख्य काम म्हणजे प्रेतांना, म्हणजे पोट डोंगराएवढं आणि घसा सुईएवढा असलेल्या भुकेल्या जिवांना, अन्नपाण्याचं अर्पण करताना त्या वाजवणं. चहा-बिस्किटांच्या सुट्टीवरून मंडळींना परत आणायला हे वाद्य तसं शोभतंही म्हणा. पण ‘कुणाच्याच धर्माचं नाही’ याचा अर्थ इथं ‘मला माहीत असलेल्या धर्माचं नाही’ एवढाच होता.

आता ठिकठिकाणच्या योगवर्गांत दिसणाऱ्या त्या नाद करणाऱ्या वाडग्यांचंही असंच. त्यांना सर्रास प्राचीन तिबेटी ध्यानसाधन म्हणतात. हिमालयाच्या प्रदेशात काशाचे वाडगे होते आणि आहेत, जपानच्या देवळांत आणि घरातल्या देव्हाऱ्यांत वाडग्याच्या आकाराची घंटा आजही वाजते. पण पश्चिमेत या नादाची आवड पसरायला मोठा हातभार लागला तो १९७२ साली आलेल्या, हेन्री वुल्फ आणि नॅन्सी हेनिंग्ज यांच्या ‘टिबेटन बेल्स’ या ध्वनिमुद्रिकेचा. सात ग्रहांचे सात धातू वगैरे दुकानदार सांगतात. त्यात मुख्यतः तांबं आणि कथील असतं, जसं ते आपल्या काशाच्या वाटीत असतं. वाडगे वाजवू नयेत असं मी म्हणत नाही. आवाज गोड आहे. फक्त तो गोड आहे म्हणून वापरा. परक्याच्या पावित्र्याचा धाक घालून माणसं गप्प करायला वापरू नका. वज्र आणि घंटा हातात धरणाऱ्या लामाला ठाऊक असतं की डाव्या हातातली घंटा प्रज्ञा आहे आणि उजव्या हातातलं वज्र उपाय, म्हणजे करुणेनं केलेली कृती. दोन्ही हात लागतात. कार्यशाळेत बहुधा एकच विकत घेतलेलं असतं.

घंटेचा धर्म बदलतो का, हा प्रश्न नाशिककरांना गोदाकाठी उभं राहून विचारता येतो. पंचवटीत नारोशंकराच्या देवळावर जी मोठी घंटा टांगलेली आहे ती वसईच्या स्वारीतली. १७३९ साली चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई जिंकली आणि तिकडच्या चर्चमधल्या घंटा सरदारांनी आपापल्या देवळांत नेऊन लावल्या. भीमाशंकरला, वाईजवळ मेणवलीला अशाच घंटा आहेत. मेणवलीच्या घंटेवर तर बाळ येशूला घेतलेली मेरी कोरलेली आहे. शाळेच्या सहलींत मास्तर सांगतात, बघा, नादाला धर्म नसतो. मला हे वाक्य फार स्वस्त वाटतं. ती घंटा लूट म्हणून आली. जिंकणाऱ्यानं हरलेल्याची प्रार्थनेची हाक काढून आपल्या दारावर टांगली, आणि तिच्याआधी पोर्तुगीजांनी त्याच किनाऱ्यावर देवळांचं काय केलं होतं तेही विसरून चालत नाही. नाद दोन्ही ठिकाणी सारखाच असेल. पण वसईत ती ऐकून जी माणसं उठायची त्यांना नाशिकला कुणी विचारलं नव्हतं. पावणेतीनशेहून अधिक वर्षांनी आज ती कुणाला खुपत नाही, हे काळाचं काम आहे, आपल्या उदारतेचं नव्हे.

आमच्या गटात एक ख्रिस्ती सद्गृहस्थ आहेत, मूळ वसईकडचे. त्यांना मी या घंटांबद्दल विचारलं तर त्यांनी खांदे उडवले आणि मला निराळीच गोष्ट सांगितली. पवित्र गुरुवारी ग्लोरिया या स्तोत्राच्या वेळी चर्चमध्ये घंटा वाजते आणि त्यानंतर पास्काच्या, म्हणजे ईस्टरच्या, रात्रीच्या ग्लोरियापर्यंत ती मुकी राहते. मधल्या काळात गरज पडली तर लाकडाचं वाद्य वापरतात. ‘आमच्याकडे घंटेलाही उपास असतो,’ ते म्हणाले. मला हे फार आवडलं. जी घंटा वर्षातून कधीतरी मुद्दाम बंद ठेवली जाते तिचा आवाज लोक ऐकतात. जी सतत वाजते ती रस्त्यावरच्या हॉर्नसारखी कानावरून जाते. आम्हीही ठरवलं आहे की ज्या रविवारी कुणाच्या घरात आत्महत्येचा प्रयत्न झालेला असतो त्या दिवशी घंटा पिशवीतच ठेवायची. त्या दिवशी वेळ मोजायचा नाही. एखादाच बोलला आणि बाकीचे न बोलता घरी गेले तरी चालेल.

शिवणकाम करणाऱ्या एका मुस्लिम बहिणीनं तिची बाजू अगदी सहज मांडली. तिला घंटा नको होती असं नाही, पण तिच्या घरी घंटा हे बोलावण्याचं साधनच नाही. मदिनेत नमाजासाठी लोकांना बोलवायचं कसं, याचा विचार झाला तेव्हा शिंग आणि नाकूस, म्हणजे तिथले ख्रिस्ती वाजवत ते लाकूड, यांचं नाव निघालं होतं. ते मागं पडलं आणि माणसाचा आवाज निवडला गेला. पहिली अजान बिलाल यांनी दिली, जे एके काळी गुलाम होते. ‘आमच्यात माणूसच हाक मारतो,’ ती म्हणाली, ‘तुम्ही घंटा वाजवा, पण सोबत नावानं सांगा की, ताई, आता थांबा.’ ही सूचना त्या दिवसापासून आमचा नियम आहे, आणि माझ्या मते सगळ्या चर्चेतली सगळ्यात उपयोगी सूचना तीच होती. नुसती घंटा वाजवणाऱ्याला तोंड लपवायला जागा मिळते. नाव घेऊन सांगताना ती मिळत नाही.

घंटेचा गटासाठी सगळ्यात विचारपूर्वक वापर मी पाहिला तो व्हिएतनामी भिक्खू थिच न्हात हान (१९२६–२०२२) यांच्या परंपरेत. त्यांनी १९८२ साली फ्रान्समध्ये प्लम व्हिलेज हा आश्रम उभारला. तिथून शिकून आलेल्या एका साधिकेनं आमच्या गटाला एक सकाळ दिली. घंटेला दांडी लावायच्या आधी तिनं डोळे मिटून दोनतीन श्वास घेतले. मग दांडी घंटेच्या काठाला टेकवली आणि तिथंच दाबून धरली, त्यामुळे पूर्ण नाद न होता एक बसका, अर्धा आवाज झाला. ही सूचना, की आता येते आहे. घंटेलाही आणि माणसांनाही दचकायला होऊ नये म्हणून. एखाद्या श्वासाचं अंतर देऊन मग खरा नाद. त्यानंतर ती स्वतःही गप्प, सगळे गप्प, तो नाद विरेपर्यंत.

हा अर्धा आवाज माझ्या क्षेत्रातल्या माणसाला लगेच कळतो. ज्यांना नसलेले आवाज ऐकू येतात त्यांच्यासोबत राहणारी माणसं घरात सतत कान टवकारून असतात. भांडं पडलं तरी त्यांच्या छातीत धस्स होतं. शिवाय आमच्यात काहींची माणसं वर्षानुवर्षं मोठ्या संस्थांमध्ये राहून आलेली, जिथं उठणं, जेवणं, गोळ्या सगळं घंटेवर चालायचं. एकाच्या भावाला घरी आल्यावरही शेजारच्या शाळेचा टोल पडला की ताट घेऊन उभं राहायची सवय होती. अशा माणसांपुढं अचानक ठणकन काही वाजवणं म्हणजे अपमानच.

पण त्या साधिकेकडून मी मुख्य घेतलं ते वेगळं. वाजवणारी स्वतः थांबली. इगतपुरीच्या धम्मगिरीवर विपश्यनेच्या शिबिरात पहाटे चारला घंटा होते. तिथला धम्मसेवक ती घेऊन खोल्यांवरून फिरतो, म्हणजे तो चारच्याही आधी उठलेला असतो. शाळेचा शिपाई टोल देतो आणि स्वतः बिडी ओढायला जातो, त्याबद्दल माझी तक्रार नाही, त्याची नोकरी आहे. पण माणसांनी मनातलं बोलावं म्हणून जी बैठक भरते तिथं घंटा जर फक्त दुसऱ्यांसाठी असेल तर ती शिट्टीच्या जातीची होते. मी कित्येक संचालक असे पाहिले आहेत, जे घंटा वाजवतात आणि तिचा नाद चालू असतानाच ‘चला, तर आता पुढचा मुद्दा’ म्हणून बोलू लागतात. सगळ्यांनी थांबावं असा जिचा हुकूम, तिच्यावर पहिला पाय तेच देतात.

घंटेचा नाद कुठे असतो आणि कुठे संपतो, यावर आपल्या शास्त्रकारांनी डोकी भरपूर घासली आहेत. मीमांसक म्हणत शब्द नित्य आहे, आपण तो फक्त प्रकट करतो. नैयायिक म्हणत तो उत्पन्न होतो आणि नष्ट होतो. न्यायसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायातल्या या वादात एक साधं निरीक्षण येतं. वाजणाऱ्या घंटेला हात लावला की आवाज बंद पडतो. म्हणजे आघातानं घंटेत काहीतरी वेग, संस्कार राहिलेला असतो, तो नादाची साखळी चालवतो आणि हाताच्या स्पर्शानं तो अडतो. इतका मोठा नित्यानित्याचा वाद आणि पुरावा काय, तर तळहात! मला हे वाचून नैयायिकांबद्दल जिव्हाळा वाटला. कुणीतरी खरोखर घंटा वाजवून, धरून पाहिली होती.

‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात नागसेन भिक्खू मिलिंद राजाला वितर्क आणि विचार यांतला भेद समजावतात तेव्हा काशाचंच उदाहरण देतात. काशाच्या पात्रावर आघात होतो तो वितर्क, मन विषयावर जाऊन आदळणं. त्यानंतर घुमत राहणारा नाद तो विचार, मन त्या विषयावर रेंगाळणं. मी हे गटात सांगितलं तेव्हा एका आईनं, जिचा मुलगा वीस-बावीस वर्षांचा आहे, लगेच विचारलं, ‘मग माझ्या मुलाचा नाद थांबतच नाही, त्याचं काय?’ मला उत्तर सुचलं नाही. पोस्टमास्तर काका म्हणाले, ‘तळहात ठेवायला कुणीतरी हवं.’ आई म्हणाली, ‘ठेवते, तर ढकलून देतो.’ त्या रविवारची चर्चा मग पुढं तिच्या तळहाताबद्दलच झाली. नैयायिकांना आपल्या दाखल्याचं असं होईल याची कल्पना नसणार.

शेवटी घंटा आम्ही विकत आणली. भांडी बाजारात तिघं गेलो. दुकानदारानं आधी पूजेच्या दाखवल्या, दांड्यावर गरुड, नंदी, हनुमान. आम्हाला बिनमूर्तीची हवी होती. त्याला ते विचित्र वाटलं. ‘मग शाळेसाठी पाहिजे का?’ पितळी घंटा स्वस्त मिळते पण तिचा नाद लवकर पडतो. काशाची महाग, पण शेपूट लांब. साधारण चार भाग तांबं आणि एक भाग कथील असं ते मिश्रण. कथील वाढलं की आवाज खुलतो आणि धातू ठिसूळ होतो, म्हणून चांगली घंटा आपटली की फुटते. आम्ही आकार मुद्दाम मोठा घेतला. कारण व्यवहाराचं होतं. वय झालं की आधी उंच पट्टीचे आवाज ऐकू येईनासे होतात, आणि आमच्या गटात सत्तरीच्या आयांचं प्रमाण मोठं आहे. त्या मुलीच्या तिंगशा यातल्या निम्म्या जणींना नीट ऐकूच गेल्या नसत्या, आणि आम्ही त्यांना हट्टी समजलो असतो. घंटेबरोबर हातही वर करायचा, हे याच कारणानं ठरलं.

ती वापरायची रीतही हळूहळू ठरत गेली. नेताना आतला लोलक कापडात गुंडाळायचा, म्हणजे रिक्षात खणखणत नाही. बैठकीच्या सुरुवातीला नव्या माणसाला ती हातात द्यायची, वाजवून बघू द्यायची आणि कुणाला तिचा त्रास होत असेल तर विचारायचं. दोनदा असा त्रास सांगितला गेला, तेव्हा आम्ही नुसत्या हातावर भागवलं. कुणी रडत असताना वाजवायची नाही. वेळ संपली तरी नाही. एकदा वाजवून माणूस थांबला नाही तर पुन्हा जोरात वाजवायची नाही, उठून त्याच्या शेजारी जाऊन बसायचं. दुसऱ्यांदा जोरात वाजवणाऱ्याच्या हातातला राग घंटेत येतो आणि तो सगळ्यांना ऐकू जातो. आरतीसारखी खळखळ तर कधीच नाही. सुटे, एकेक आघात.

आणि ती माझ्या हातात राहत नाही. हे मी वारकऱ्यांकडून घेतलं. माझं माहेर सिन्नरकडचं, तिथल्या सप्ताहात वीण्याचा पहारा पाहतच मी मोठी झाले. सात दिवस, रात्रंदिवस, वीणा खाली ठेवायचा नाही. एकाचा पहारा संपला की दुसरा येतो, वीणा त्याच्या गळ्यात जातो, आणि देणारा-घेणारा एकमेकांच्या पाया पडतात. कोण मोठा, कोण लहान ते तिथं बघत नाहीत. माझ्या वडिलांच्या पाया त्यांच्यापेक्षा लहान माणसं पडत हे ठीक, पण वडील त्यांच्या पाया पडत, हे लहानपणी मला फार गमतीचं वाटे. वीणा घेतलेल्याला त्या वेळेपुरता मान असतो आणि त्याला तो वेळेवर दुसऱ्याला देऊन टाकावा लागतो. गटातली घंटा दर रविवारी नवीन माणसाकडे जाते. ज्या तरुणानं आरतीचं बोलून दाखवलं होतं त्याची पाळी पहिल्यांदा आली तेव्हा त्यानं काकांना, त्यांचं बोलणं रंगात आलेलं असताना, थांबवलं. आधी नाव घेऊन, मग घंटा. काका वाक्य अर्धं टाकून थांबले. नंतर कुरकुरले, की अजून अर्धं मिनिट होतं. मुलानं मोबाईल काढून वेळ दाखवली.

पायांना हात लावायची प्रथा आम्ही घेतली नाही. काहींना ती नको होती आणि त्यांची कारणं त्यांच्याकडे होती. घंटा देताना दोन्ही हातांनी द्यायची, एवढंच ठेवलं. काका ती घेताना कपाळाला लावतात. त्यांना कुणी अडवत नाही आणि इतर कुणी तसं करत नाही. म्हणजे ती पवित्र आहे की नाही याचा निकाल आमच्या गटानं लावलेला नाही. एकाच खोलीत काकांसाठी ती पवित्र आहे, शिवणकामवाल्या ताईंसाठी ती पितळेला पितळ आहे (कासं आहे हे मी त्यांना सांगते, त्या मान हलवतात), आणि त्या मुलासाठी ती बहुधा पाळी आहे, त्याची. माझ्यासाठी काय, ते मला नीट सांगता येत नाही. पण ती वाजवायची वेळ माझ्यावर आली की मी आधी श्वास घेते आणि मनात विचारते, की या माणसाला थांबवायची गरज गटाला आहे की मला कंटाळा आला आहे. दुसरं असेल तर मी वाजवत नाही. हे कळायला बऱ्याचदा एक श्वास पुरतो.

सध्या नवा वाद चालू आहे. एका संगणक अभियंत्याचं म्हणणं आहे की हे सगळं मोबाईलच्या ॲपवर होईल. प्रत्येकाला सारखी मिनिटं, शेवटी अगदी जपानी देवळातल्यासारखा नाद, कुणाचा पक्षपात नाही, कुणाची पाळी नाही, विसरायला घंटाही नाही. पक्षपाताचा मुद्दा चुकीचा नाही. ज्याच्याशी आपलं जमतं त्याला आपण दोन मिनिटं जास्त देतो, हे आमच्याकडेही होतं. मी विरोध केला तो एवढ्यासाठी, की ॲप रडणाऱ्या माणसावरही वाजेल आणि नंतर कुणी त्याच्याकडे जाऊन ‘माफ करा, थांबवलं’ म्हणणार नाही, कारण थांबवलेलं कुणीच नसेल. तो म्हणतो, त्यासाठी ‘पॉज’चं बटण ठेवता येईल. मग ते बटण कुणाकडे, असं ताईंनी विचारलं. इथं त्या दिवशी वेळ संपली. पुढच्या रविवारी घंटेची पाळी त्याचीच आहे, आणि विषय तोच पुन्हा काढणार हे त्यानं आधीच बजावून ठेवलं आहे.